कुठलं सीएमए ते आधी सांगा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की तुमच्या पेपरात करिअरची पुरवणी येते, ती मी दरवर्षी वाचतो, म्हणजे खरं सांगायचं तर त्यातल्या जाहिरातीच जास्त वाचतो, कारण कॉमर्सची पोरं माझ्याकडं विचारायला येतात तेव्हा त्यांच्या हातात लेखाचं नाही, जाहिरातीचं कात्रण असतंय. आता फोटो असतोय मोबाईलमध्ये, कात्रण म्हणायची आपली सवय. मी बेळगावच्या शहापुरात गेली पंचवीस वर्षं टॅक्सचं काम करतोय, सीए नाही, वकील नाही, साधा बी.कॉम. आणि जीएसटी प्रॅक्टिशनर, हे आधीच सांगतो, नाहीतर मागनं कुणीतरी म्हणेल हा कोण शहाणा.

यंदा पत्र लिहायचं कारण घरातलंच आहे. माझी भाची, अक्काची मुलगी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणपतीत घरी आली आणि म्हणाली मामा, मी सीएमए लावलंय. सीएमए म्हणजे कॉस्टिंगच्या हिशेबाचा कोर्स, म्हणून मी म्हटलं झकास, पहिल्या पायरीच्या फाउंडेशनला बसलीस की ग्रॅज्युएशन झाल्यावर डायरेक्ट इंटर करणार? तर म्हणते फाउंडेशन वगैरे नाही ओ त्याला, दोनच पेपर आहेत. तिथंच माझा लाडू हातात राहिला. दोन पेपरचं सीएमए म्हणजे अमेरिकेचं. तिनं पहिला हप्ता भरला होता, एकूण फी सव्वा लाख, पावती दाखवली त्यावर नुसतंच 'सीएमए' आणि शेजारी एक छोटा झेंडा, तो पण कोपऱ्यात. तिच्या डोक्यात काय होतं तर तिच्या मैत्रिणीचे काका साखर कारखान्यात कॉस्ट अकाउंटंट आहेत, त्यांच्यासारखं आपण व्हायचं. ते काका ज्या संस्थेचे मेंबर आहेत ती संस्था वेगळी, कायदा वेगळा, देशच वेगळा. क्लासवाल्यानं खोटं काही सांगितलं नाही म्हणे, तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही, एवढंच झालं. आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

म्हणून सगळ्यांसाठी लिहितो. आपल्या देशातलं सीएमए म्हणजे कोलकात्याला मुख्य ऑफिस असलेली कॉस्ट अकाउंटंट्सची संस्था, १९५९ च्या कायद्यानं झालेली, जुनी माणसं तिला अजून आयसीडब्ल्यूए म्हणतात. फाउंडेशनला ४ पेपर, इंटरला ८, फायनलला ८, जून आणि डिसेंबर अशा वर्षातनं दोन परीक्षा आणि वर १५ महिन्यांचं ट्रेनिंग. अमेरिकेचं सीएमए म्हणजे तिकडच्या मॅनेजमेंट अकाउंटंट्सच्या आयएमए संस्थेचं, दोन भाग, प्रत्येक भाग ४ तासांचा, ५०० पैकी ३६० लागतात, आणि त्याबरोबर डिग्री आणि दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. आणि तिसरं पण एक सीएमए आहे, कर्ज मागायला बँकेत गेलासा की मॅनेजर म्हणतो सीएमए डेटा घेऊन या, तो तर नुसता तक्ता, माणूस नाही, परीक्षा नाही! आमच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका पार्टीनं, म्हणजे गिऱ्हाइकानं, हे ऐकून 'मग सीएमएला फोन लावा की' म्हणून मलाच फोन लावला होता.

अमेरिकेचं वाईट असं मी म्हणत नाही. बेंगळुरात, पुण्यात परदेशी कंपन्यांची मोठमोठी अकाउंट्सची ऑफिसं आहेत, तिथं बजेट, कॉस्टिंग, रिपोर्ट असल्या कामाला ते धरतात, आणि दोनच पेपर म्हणून सोपं पण नाही. खरं तिथलं सर्टिफिकेट घेऊन आपल्या कंपनी कायद्याच्या कलम १४८ खालचं कॉस्ट ऑडिट करता येत नाही. त्या रिपोर्टवर सही इथल्याच संस्थेच्या प्रॅक्टिस करणाऱ्या कॉस्ट अकाउंटंटची लागते. साखर त्या कॉस्ट ऑडिटच्या यादीत आहे, कंपनीची एकूण उलाढाल ५० कोटी आणि त्या मालाची २५ कोटी झाली की ऑडिट लागतं, आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यात साखर कारखान्यांना काय तोटा आहे? मात्र त्यातले जे कंपनी आहेत त्यांनाच हे कलम, सहकारी कारखाना कंपनी कायद्यात येत नाही, हे पण पोरांना माहीत पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच आहे की कोर्स किती महिन्यांचा आणि पॅकेज किती हे नंतर विचारा, आधी विचारा की हे पास झाल्यावर माझी सही कुठल्या कागदावर चालणार. हे कुणी विचारतच नाही. नुसतं नावापुढं तीन अक्षरं लागली की झालं असं वाटतंय.

सहीचं महत्त्व मला दर सप्टेंबरला कळतंय. पार्टीचा वर्षभराचा जमाखर्च माझ्याकडं, टॅली माझ्याकडं, टू-बी, म्हणजे पोर्टलवरची खरेदीची यादी, जुळवणं माझ्याकडं, स्टॉक मोजायला गोडावनात पण मीच जाणार, आणि ३० सप्टेंबर जवळ आला की टॅक्स ऑडिटच्या सहीला फाईल घेऊन सीएच्या ऑफिसात बाकड्यावर बसणार पण मीच. धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर गेली की हे ऑडिट लागतं, रोखीचा व्यवहार ५ टक्क्यांच्या आत ठेवला तर मर्यादा १० कोटींपर्यंत जाते, आणि त्या रिपोर्टवर सही फक्त सीएची. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदलले, 'असेसमेंट इयर' जाऊन 'टॅक्स इयर' आलं, खरं ही सही काही दुसऱ्या कुणाकडं गेली नाही. सीएचा पण सहीशिक्का मारला की काम संपलं असं नाही, २०१९ पासून प्रत्येक सहीला यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा वेगळा नंबर, काढावा लागतो, नंबर टाकला की सही खरी की खोटी ते घरबसल्या कळतंय.

मी पण सीएला बसलो होतो. एक ग्रुप सुटला, दुसऱ्यात प्रत्येक पेपरात ४० च्या वर पडले आणि एकूण ५० टक्क्यांना ४ मार्क कमी पडले, दोनदा, एकदा नाही. तात्या आजारी पडले, दुकान मोडलं, मग सोडलं. त्यामुळं सीए करू नको असं मी कुणाला सांगणार नाही आणि कर असं डोळे झाकून पण सांगणार नाही. आता आमच्या वेळेपेक्षा बरं झालंय, जुलै २०२३ पासून नवीन स्कीम आली, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, ३ वर्षांची २ वर्षं झाली, इंटरला आणि फायनलला सहासहाच पेपर, परीक्षा वर्षातनं तीन वेळा. कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के असले तर फाउंडेशन न देता थेट इंटरला जाता येतं, हे आपल्याकडच्या कितीतरी पोरांना ठाऊकच नाही, फाउंडेशनच्या क्लासला पैसे भरून बसतात. आणि संस्थेची स्वतःची फी सगळ्या पातळ्या मिळून हजारांतच जाते, लाख जातात ते क्लासला. आर्टिकलशिप कुठं करायची म्हणून विचारतात, तर माझं मत गावातल्याच छोट्या ऑफिसात करा, मोठ्या शहरात मोठ्या फर्मला दोन वर्षं एकाच कंपनीची व्हाउचरं टिक करत बसवतात, इथं फाउंड्री, अडत, पतसंस्था, दवाखाना सगळं हातातनं जातंय. हे माझं मत, सीए लोकांना पटणार नाही कदाचित.

आता माझ्या लायनीबद्दल, कारण हिच्याबद्दल कुठली पुरवणी एक ओळ पण छापत नाही. मी सेल्स टॅक्सच्या काळात एका वकिलांच्या हाताखाली लागलो, २००५ ला व्हॅट आला, सी फॉर्म, एफ फॉर्म, मालाची गाडी हद्दीवरच्या कोगनोळी चेकपोस्टला अडकली की रात्री फोन. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आम्हा जुन्या प्रॅक्टिशनर लोकांना सांगितलं परीक्षा द्या. ३१ ऑक्टोबर २०१८ ला पहिली परीक्षा झाली, चाळिशी ओलांडलेली माणसं कॉम्प्युटरपुढं घाम पुसत बसलेली. १०० प्रश्न, २०० मार्क, अडीच तास, निम्मे मार्क पाहिजेत, चुकलं तर मार्क कापत नाहीत. आता कॉमर्सची, कायद्याची किंवा बीबीएसारखी पदवी असली तर पोर्टलवर अर्ज करून नाव नोंदवायचं आणि दोन वर्षांच्या आत ही परीक्षा पास व्हायचं, कितीही वेळा बसता येतं, फी ५०० रुपये. सव्वा लाख नाही, पाचशे! पास झाल्यावर रिटर्न भरणं, रिफंडचा अर्ज, अधिकाऱ्यापुढं पार्टीच्या वतीनं उभं राहणं, सगळं कायद्यानं करता येतं. आयकरात पण बी.कॉम. झालेल्या माणसाला अधिकृत प्रतिनिधी म्हणून उभं राहता येतं. जीएसटीचं वार्षिक ऑडिट सीए-सीएमएनं सर्टिफाय करायचं असायचं ते पण २०२१ ला गेलं, ९-सी हा वर्षाच्या ताळमेळाचा फॉर्म आता पार्टी स्वतःच सेल्फ सर्टिफाय करते.

पैसा? छोट्या दुकानाचे महिन्याला हजार-बाराशे, ते पण आठवण केल्यावर. जीएसटीचं म्हणाल तर ११ तारखेला विक्रीचं रिटर्न वन, १४ ला टू-बी दिसतं, २० ला कर भरायचं रिटर्न थ्री-बी, दर महिन्याला हेच, लग्नकार्याला गेलो तरी २० तारीख बघूनच जातो. गाडी-बंगला होत नाही, खरं घर चालतंय आणि गावात राहता येतंय. भाचीला हेच सांगितलं तर तोंड वाकडं केलं. ठीक आहे, तिचं वय आहे.

आपल्या भागात टॅक्सचं नुसतं पुस्तकी ज्ञान पुरत नाही हे मात्र ठासून सांगतो, कारण हद्द इथं गल्लीच्या टोकाला आहे म्हणायला हरकत नाही. एक उदाहरण देतो. एकाच मालकाचं एक शेड उद्यमबागला, दुसरं शिनोळीला. मोटरसायकलनं अर्ध्या तासाचं अंतर, खरं एक कर्नाटकात आणि एक महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात, म्हणजे पॅन एकच असलं तरी जीएसटी नंबर दोन, एक २९ नं सुरू होणार एक २७ नं, आणि कायद्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. माल इकडनं तिकडं टाकला तर पैसे घेतले नसले तरी सप्लाय झाला, आयजीएसटी म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी लावा. मशीनिंग करून परत आणायचा असेल तर जॉबवर्कच्या चलनवर पाठवा आणि वर्षाच्या आत परत आणा. त्याच्या अकाउंटंटनं, एम.कॉम. फर्स्ट क्लास मुलगा, आठ महिने नुसत्या चिठ्ठीवर माल पाठवला होता. विचारलं तर म्हणतो "आपलाच माल आपल्याच शेडला घालालोय की ओ, त्याला कसला टॅक्स". पगारात पण तीच गंमत, शिनोळीच्या शेडमधल्या बाईला २५,००० पर्यंत महाराष्ट्राचा व्यवसाय कर नाही, तिथल्याच पुरुषाला १०,००० च्या वर गेला की महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, आणि उद्यमबागच्या शेडमध्ये बाई असो बाप्या असो, २५,००० च्या खाली कुणालाच नाही. गाडीतल्या मालाबरोबर लागणारं ई-वे बिल महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखापर्यंत लागत नाही, हद्द ओलांडली की ५०,००० च्या वर लागलंच.

दुसरं त्याहून बारीक आहे आणि कितीतरी दुकानदारांना अजून माहीत नाही. चंदगड, गडहिंग्लजकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावला येतात, पिढ्यानपिढ्या येतात. दुकानात माल घेऊन हातात घेऊन गेले तर पूर्वी ती इथली विक्री धरायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा झालाय की गिऱ्हाईक जीएसटी नंबर नसलेलं असलं आणि बिलावर त्याचा पत्ता लिहिला, तर तो पत्ता ज्या राज्यातला त्या राज्यात विक्री झाली असं धरायचं, नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी. पत्ताच लिहिला नाही तर दुकान जिथलं तिथली विक्री. म्हणजे काउंटरवरच्या पोरानं प्रेमानं 'मु. पो. चंदगड' लिहिलं की आयजीएसटी! आणि दुकान कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्याच्या ठरावीक दरानं कर भरायच्या योजनेत, असलं तर आणखीनच पंचाईत, कारण कंपोझिशनवाल्याला परराज्यात माल विकताच येत नाही. माझ्या एका पार्टीची बिलबुकं चाळताना हे सापडलं, दोन महिन्यांचीच बिलं होती म्हणून निभावलं. हे अमेरिकेच्या सिलॅबसात कशाला असेल.

कोल्हापूरकडचे पाव्हणे आणखी एक सल्ला देतात, जीडीसीए कर म्हणून. महाराष्ट्राच्या सहकार खात्याची परीक्षा, सहा पेपर, मे महिन्यात होते, आणि मुख्य म्हणजे मराठीतनं देता येते, त्यामुळं आपल्या पोरांना ओढ वाटते ते मी समजू शकतो. खरं त्याचा उपयोग महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातल्या सोसायट्यांच्या ऑडिटला. इकडं कर्नाटकाचा १९५९ चा सहकार कायदा आहे, सौहार्द संस्थांचा १९९७ चा वेगळा आहे, तिथं इथल्या खात्याच्या पॅनेलवरचा ऑडिटर पाहिजे. आणि दोन्हीकडं शाखा असलेल्या ज्या मल्टिस्टेट सोसायट्या आपल्याकडं ढीगभर आहेत त्यांना तर सीएच लागतो. गडहिंग्लजला मामाकडं राहून काम करणार असशील तर जीडीसीए कर, बेळगावच्या वडगावात बसून करणार असशील तर आधी चौकशी कर, असं मी सांगतो.

परदेशातली बाकीची, सीपीए, एसीसीए, ती मला जेवढी माहिती आहेत तेवढ्यात इथल्या ऑडिटच्या सहीला चालत नाहीत, तिकडच्या कामाला चालतात. त्यातल्या त्यात ईए म्हणजे एनरोल्ड एजंट हे मला जरा प्रामाणिक वाटतं, कारण ते काय आहे ते स्पष्ट आहे, अमेरिकेच्या आयकर खात्यापुढं करदात्याच्या वतीनं उभं राहायचा परवाना. तीन पेपर, पदवीची पण अट नाही. त्याचं मूळ म्हणे १८८४ सालच्या कायद्यात आहे, तिकडच्या यादवी युद्धात घोडे गेले त्याची भरपाई मागायला जे एजंट यायचे त्यांच्या लबाडीला आवर घालायला तो कायदा केला. एजंट लोक सगळीकडं सारखेच, असं माझे वकीलसाहेब असते तर म्हणाले असते. सीपीए त्यापेक्षा मोठं, २०२४ पासून तीन मुख्य पेपर आणि एक आवडीचा असे चार, त्यात बसायलाच आपल्या तीन वर्षांच्या बी.कॉम.चं क्रेडिट कमी पडायची शक्यता, ते आधी तपासून मगच फी भरावी. ज्याला अमेरिकेचे रिटर्न भरायचेत, १५ एप्रिलपर्यंत रात्रपाळी करायची तयारी आहे, त्यानं जरूर करावं. गाव मात्र सोडावं लागेल असंच आजचं चित्र आहे.

भाषेचं एक राहिलं. मराठी शाळेतनं आलेल्या आपल्या पोराला सीए इंग्रजीत नाहीतर हिंदीत द्यावं लागतं, जीएसटीची परीक्षा पण ह्याच दोन भाषांत. आणि पास होऊन इथंच बसला की महापालिकेचं, लेबर ऑफिसचं, सहकार खात्याचं पत्र येतंय कन्नडमध्ये. ह्यावर वाद घालणारे घालू देत, त्यांना माझा विरोध नाही, खरं १५ दिवसांच्या मुदतीची नोटीस वाचायला तुम्ही शेजाऱ्याची वाट बघत बसलासा तर पार्टी दुसऱ्याकडं जाते. मी वयाच्या तिसाव्या वर्षी कन्नड वाचायला शिकलो, अडतीत हमाली करणाऱ्या एका माणसाकडनं, चहाच्या बदल्यात. त्याचं सर्टिफिकेट नाही माझ्याकडं, पण रोज उपयोगाला येतंय.

तर संपादकसाहेब, विनंती एवढीच आहे. जाहिराती बंद करा असं म्हणत नाही, पेपर त्यावरच चालतोय हे मला कळतंय. पण पुढच्या पुरवणीत असल्या प्रत्येक कोर्सच्या जाहिरातीखाली एक बारीक ओळ घालायला लावा, परीक्षा घेणारी संस्था कुठली, देश कुठला, आणि पास झाल्यावर इथल्या कुठल्या कागदावर सही चालते. तीन गोष्टी, एका ओळीत बसतात. नाही जमलं तर एक चौकट तुम्हीच छापा, माहिती मी फुकट देतो, इथल्या सीए आणि सीएमए मंडळींकडनं तपासून घ्या, माझं चुकलं तर दुरुस्त करा.

भाचीचं काय झालं असं विचाराल. पहिला हप्ता परत मिळणार नाही असं सांगितलं, मग तिनं चालूच ठेवलंय, पहिला भाग देणार म्हणते. आणि शनिवारी दुपारी माझ्या ऑफिसात येऊन बसते. परवा शिनोळीचं चलन तिनं बनवलं, २७ च्या जागी २९ घातलं होतं, परत करायला लावलं.

कळावे, लोभ असावा.

आपला जुना वाचक,
एक जीएसटी प्रॅक्टिशनर
शहापूर, बेळगाव
(नाव छापू नये, भाची पेपर वाचते.)